सतरा नंबरचे पेढे

आमच्या शाळेचं सत्रअखेरचं पत्रक 'सुजाण पालकहो' या दोन शब्दांनी सुरू होतं आणि तिथूनच माझं त्याच्याशी भांडण सुरू होतं. वीसेक वर्षं मी या शाळेत मराठी शिकवते आहे. इतक्या वर्षांत स्वतःला सुजाण म्हणवणारी एक आई मला भेटली नाही, की आपल्या पोराला पाल्य म्हणणारा एक बाप भेटला नाही. एकदा पालकसभेत पत्रक वाचून झाल्यावर एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, हे पाल्य म्हंजे काय हाय? बकऱ्याचा पाला काय?" मी म्हटलं, "तुमचा नातू, बाबा." ते म्हणाले, "मंग नातू लिवा ना." पुढच्या सत्राला मी 'तुमची मुलं' असं लिहून दिलं. मुख्याध्यापकांनी लाल पेनाने ते खोडलं आणि वर पुन्हा 'आपले पाल्य' केलं.

पत्रकाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बातम्या. वृक्षारोपण झालं, कबड्डीची चमू तालुक्याला जाऊन आली, विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी ठेवला होता, संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस वह्या वाटून साजरा झाला. झाडं दरवर्षी त्याच खड्ड्यांत लागतात आणि ज्वालामुखीही तोच असतो, फक्त त्याच्यामागे उभी राहणारी मुलं बदलतात. दुसऱ्या भागात पालकांना धीर दिलेला असतो. 'आपला पाल्य ही उमलती कळी आहे, तिला प्रेमाचे सिंचन करा.' हे वाक्य माझं नाही. आमची शाळा मारेगावकडून येणाऱ्या रस्त्यावर आहे, मागच्या भिंतीला लागून कपाशीचं वावर आहे, अर्धी मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. दिवाळीच्या आधीपासून त्या कळ्या आयांच्या बरोबरीने कापूस वेचतात. त्यांना सिंचन करायला कोणाला वेळ आहे, हे मी मुख्याध्यापक सरांना एकदा विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, लिहिण्याची एक पद्धत असते."

मी मराठीची, म्हणून ते पत्रक माझ्या गळ्यात पडलं होतं. बातम्या मी लिहायची आणि धीर सरांनी सांगायचा. सर खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचे, टेबलावरची काच बोटांनी वाजवायचे आणि म्हणायचे, "थोडी साखर टाका, मॅडम. पालक खूश झाला पाहिजे." साखर टाका, हे त्यांचं ठरलेलं. कोणाच्या गेलेल्या आजीवर शोकसंदेश लिहायचा असला तरी ते साखर टाका म्हणत. त्यांचा आवाजही तसाच, तुपात घोळलेला. रागावले तरी तो चढायचा नाही. मला चढलेल्या आवाजाची माणसं परवडतात, त्यांच्या मनात काय आहे ते तरी कळतं.

शाळेच्या फाटकावर बाराही महिने एक फ्लेक्स असतो. 'शंभर टक्के निकालाची परंपरा.' त्यावर सगळ्यात मोठा फोटो अध्यक्षांचा, त्याहून थोडा लहान मुख्याध्यापकांचा, आणि ज्यांनी दहावीचे पेपर दिले ती मुलं खाली तिकिटाएवढ्या चौकोनांत. उन्हाने त्यांचे चेहरे पांढरे पडलेले असतात. हे शंभर टक्के कसे होतात ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. नववीच्या निकालाला चाळणी लावायची. ज्यांची दहावीत दांडी उडेल असं वाटतं, त्यांच्या पालकांना केबिनमध्ये बोलवायचं, पंखा त्यांच्याकडे फिरवायचा आणि टीसी काढून न्यायला सांगायचं. याला आमच्याकडे 'समुपदेशन' म्हणतात.

टीसी काढून मूल जाणार कुठे? तर सतरा नंबरला. शाळा मधेच सुटलेल्यांना बाहेरून दहावीची परीक्षा देता यावी म्हणून जो अर्ज भरतात, त्याचा नंबर सतरा. सोय चांगली आहे. लेकरं झाल्यावर सतरा नंबर भरून दहावी झालेल्या बाया मला माहीत आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी केलेली ही सोय आमच्याकडे शाळा सोडवायला वापरतात. परीक्षा तीच, बाकही आमच्याच शाळेतला मिळू शकतो, फक्त वर्षभर वर्ग नाही, गणवेश नाही, कोणी शिकवायचं नाही, आणि नापास झालं तर ते शाळेच्या शंभर टक्क्यांत धरायचं नाही. असल्या हुशारीची मला शिसारी येते.

गेल्या वर्षी नववीत एक मुलगी होती. आडवळणाच्या गावातली, सकाळच्या पहिल्या एसटीने यायची. मुलींना शाळेसाठी बसचा पास फुकट असतो, त्यावर तिची सगळी शाळा चालली होती. गणितात तिचा आनंदीआनंद होता. इंग्रजीचं वाक्य ती वाचायला लागली की मागच्या बाकावरचे माना खाली घालून हसायचे आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची. मराठीत काठावर. तिच्यात काही लपलेलं रत्न होतं, असं मी म्हणणार नाही. पण तिला शाळा आवडायची. अभ्यास नव्हे, शाळा. घंटेच्या आधी येऊन ती व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुवायची, वेणीची रिबीन पुन्हा बांधायची आणि कोणी सांगितलेलं नसताना फळा पुसून ठेवायची. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहिली की परत आल्यावर बोटांना कपाशीच्या बोंडांचे ओरखडे असायचे, आणि पहिला प्रश्न असायचा, "मॅडम, मी नव्हती तं काय काय झालं?"

तिची आई रोजमजुरी करायची. बाप ट्रकवर, महिनामहिना आंध्राच्या बाजूला. आई चौथीपर्यंत शिकलेली, सही करायची, बसची पाटी वाचायची. पालकसभेला न चुकता यायची आणि पहिल्या रांगेत बसायची. मला तिचं कौतुक वाटायचं, कारण त्या सभेत ऐकण्यासारखं काहीही नसायचं.

निकालाचा दिवस होता. एप्रिलचं ऊन सकाळीच अंगावर यायला लागलं होतं. व्हरांड्यात पालक बसले होते, शिपाई प्रत्येकाच्या हातात निकालपत्रक आणि त्यासोबत सुजाण पालकहो देत होता. केबिनमध्ये बोलावलेल्यांना मात्र नुसतं पत्रकच, त्यांचा निकाल कारकुनाच्या, म्हणजे बाबूच्या टेबलावर थांबवलेला. मी शेजारच्या वर्गात आठवीचे निकाल वाटत होते. केबिनमध्ये समुपदेशन सुरू होतं. एकेक आई, एकेक बाप आत जायचा आणि बाहेर येताना चेहरा असा असायचा की नेमकं काय झालं ते घरी गेल्यावर कळेल. त्या मुलीची आई आत गेली तेव्हा मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन दिवस आधीच मी सरांना सांगितलं होतं, या मुलीला ठेवा, मी तिचा तास वेगळा घेईन. "पाहू," असं ते म्हणाले होते. त्यांचं 'पाहू' म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं.

ती बाहेर आली तेव्हा मात्र तिचा चेहरा फुललेला होता. मला वाटलं, चला, सरांना देव आठवला. ती फाटकाकडे गेली आणि मी पुन्हा निकाल वाटायला लागले.

अर्ध्या तासाने मी स्टाफरूममध्ये गेले. कूलरचा घरघराट सुरू होता, वाळ्याच्या ताट्यांना ओलसर वास येत होता, सगळे सुट्ट्यांच्या गप्पांत होते. तेवढ्यात त्या मुलीची आई दारात आली. हातात स्टँडवरच्या हॉटेलातला पेढ्यांचा पुडा. चप्पल दाराबाहेर काढून ती आत आली, आधी मला पेढा दिला आणि म्हणाली, "घ्या मॅडम. पोरीचा सतरा नंबर आला."

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मग कळलं आणि हातातला पेढा जड झाला.

"सर म्हणाले ना आता," ती सगळ्यांकडे पाहून सांगत होती. "म्हणाले, पोरीले सतरा नंबर देऊन टाकतो, दहाईत गेलीच समजा, टेन्शन घेऊ नका. एवढ्या मोठ्या वर्गात सतरावी आली, मॅडम. माह्या भावाचा एकदा चौथा आलता, त्याच्यानंतर घरात कोनाचा नंबरच नाही आला. बाबू बँकेत गेला म्हणते, तो आला का मी सही करून जातो."

तिचं काय चुकलं? नंबर म्हटल्यावर तिने नंबरच ऐकला. आपल्याकडे नंबर येतो तो वर्गात येतो. पहिला येतो, पाचवा येतो, सतरावा येतो. सरांनी टीसी हा शब्द साखरेत इतका खोल बुडवला होता की तिला तो लागलाच नाही. वर आमचं पत्रक तिच्या हातात होतं, त्याच्या वरच्या कोपऱ्यात 'हार्दिक अभिनंदन' छापलेलं होतं.

आणि मग स्टाफरूमने ते पेढे खाल्ले. हे मी आजही विसरू शकत नाही. सगळ्यांना सतरा नंबर म्हणजे काय ते माहीत होतं. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने पुड्यात हात घातला. गणिताचे सर, ज्यांनी तिला गणितात नापास केलं होतं, ते म्हणाले, "अरे वा, छान." इंग्रजीच्या मॅडमनी अर्धा घेतला, डाएट आहे म्हणून. कोणीतरी विचारलं, "पेढे कुठचे? खवा चांगला आहे." बोटं चाटून लोकांनी हात रुमालाला पुसले. चेहऱ्यावरची माशी हलली नाही कोणाच्या. ती सगळ्यांना वाटून झाल्यावर केबिनकडे गेली आणि तिथूनही सरांचा तुपकट आवाज ऐकू आला, "अरे, याची काय गरज होती?" म्हणजे त्यांनीही खाल्ला. मी माझा पेढा टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

मुलगी नळापाशी उभी होती. नळाला पाणी नव्हतं, तरी तोटीवर हात ठेवून उभी होती. वर्गाबाहेर मुलांशी मी त्यांच्याच बोलीत बोलते, तीच माझीही आहे.

"तुले माहीत हाय का सतरा नंबर म्हंजे काय?" मी विचारलं.

"माहीत हाय, मॅडम." ती खाली पाहून बोलत होती. "वर्गात सगळ्याइले माहीत हाय. पोट्टे चिडवत होते मले. सतरा नंबरवाली, सतरा नंबरवाली."

"मंग आईले काहून नाही सांगितलं?"

"ते केबिनमधून हासतच बाहेर आली. म्या तिले सांगाच्या आधीच ते पेढे घ्याले गेली." मग म्हणाली, "आजच्या दिस राहू द्या ना, मॅडम. सहीच तं कराची हाय. आज ते खूश हाय."

"अन् उद्यापासून काय करशील?"

"जिनिंगमधी घेतात आमच्या इकडच्या पोरीइले. कापूस नसला तं वावरात."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं, तिने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. पंधरा वर्षांची पोरगी आईचा एक दिवस गोड राहावा म्हणून स्वतःची शाळा द्यायला निघाली होती, आणि आत मोठी माणसं खव्याची पारख करत होती. मी तिला म्हटलं, "इथंच थांब." मला तिचाही राग आला होता, खरं सांगायचं तर. इतकं शहाणं असायची तिला काही गरज नव्हती.

आई फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बाबूची वाट पाहत बसली होती. पुडा मांडीवर होता, त्यात चारदोन पेढे उरले होते. मी तिच्या शेजारी पारावर बसले. हे साखर न घालता सांगायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

"ताई, तो वर्गातला नंबर नाही," मी म्हटलं. "तो अर्जाचा नंबर हाय. पोरीचं नाव शाळेतून काढाचं म्हणते सर. घरी बसून बाहेरून परीक्षा देईन ते."

"म्हंजे सतरावी नाही आली?"

"नाही. दोन विषयांत राह्यली ते."

"अन् शाळा?"

"तुम्ही सही केली का शाळा संपली."

"बसचा पास?"

"तो शाळेच्या पोरींनाच राह्यते, ताई."

तिने पदराने तोंड पुसलं. मग पुड्याची वरची कागदाची घडी नीट बंद केली, सुतळी पुन्हा गुंडाळली, गाठ मारली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. तिने एकच विचारलं.

"मंग त्याइनं पेढे कायले खाल्ले?"

पुडा हातात घेऊन ती उठली आणि केबिनकडे निघाली.

आम्ही दोघी केबिनमध्ये गेलो. टेबलाच्या काचेवर, काचेखाली असलेल्या अध्यक्षांच्या फोटोच्या बरोबर वर, अर्धा खाल्लेला पेढा ठेवलेला होता. तिने तो पाहिला. सरांनी हसून समोरच्या खुर्चीकडे हात केला. ती बसली नाही.

"सर, मले नाही पाहिजे सतरा नंबर," ती म्हणाली. "पोरगी नापास झाली तं नापास लिहा. नववीत बसन ते पुन्हा. पन शाळेत बसन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हसू तसंच होतं, डोळे नव्हते. "ताई, तुमचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. आम्ही मुलीच्या भल्यासाठीच सांगतोय. नापास म्हटलं की मूल खचतं. वर्ष वाया जातं. इकडे एका वर्षात दहावी."

"शिकवन कोन तिले?"

"अभ्यास घरी करायचा असतो. पालकांनी थोडं लक्ष द्यायचं, प्रोत्साहन द्यायचं."

"म्या चौथी शिकली, सर."

मी म्हटलं, "सर, पालकाच्या अर्जाशिवाय दाखला निघत नाही. अर्ज त्यांनी केलेला नाही." माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची मला अजिबात इच्छा नव्हती.

"मॅडम, हे आपण नंतर बोलू," सर म्हणाले. मग तिच्याकडे वळून, त्याच तुपकट आवाजात, "तुम्ही जरा बाहेर बसा. डोकं शांत झालं की बोलू." त्यांनी घंटी वाजवली. शिपाई आला आणि त्याने दार उघडून धरलं. ती बाहेर गेली. दार लागलं.

आत मला बरंच काही ऐकावं लागलं. संस्थेचं नाव, शाळेची प्रतिमा, नववीत नापास जास्त दाखवले की वरून होणारी विचारणा, पुढच्या वर्षीचे प्रवेश, आणि मी 'टीम स्पिरिट'मध्ये कशी कमी पडते. काचेवर त्या पेढ्याला मुंगी लागली होती. सर बोलता बोलता ती बोटाने उडवत होते. मी फक्त मुंगीकडे पाहत होते, कारण सरांकडे पाहिलं असतं तर नको ते तोंडून निघालं असतं.

ती बाहेर दारालगत फरशीवर बसून राहिली. बाबू आला, त्याने अर्ज पुढे केला, तिने हात मागे घेतला. पालक पांगले, शिक्षक गाड्या काढून गेले, जाताना त्यांना तिच्या अंगावरूनच जावं लागत होतं आणि प्रत्येकाला अचानक मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसत होतं. मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली. ऊन पायरीवरून फरशीवर आलं तशा दोघी भिंतीकडे सरकल्या, पण उठल्या नाहीत. शेवटी सरांनाच घरी जायचं होतं. दार उघडून त्यांनी खाली पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि बाबूला म्हणाले, "लिहा नापास."

'नापास' या शब्दावर इतकी समाधानी झालेली आई मी पहिल्यांदा पाहिली. निकालपत्रक तिने पदराने पुसून पिशवीत ठेवलं आणि उरलेले पेढे मुलीच्या हातात दिले. दुपारच्या गाडीला अजून वेळ होता. दोघी रस्त्याच्या कडेने स्टँडकडे चालत गेल्या, मुलगी पेढा खात होती.

त्या दिवसानंतर पत्रक माझ्याकडून काढून घेण्यात आलं. शिक्षा म्हणून. एवढी गोड शिक्षा मला कोणी कधी केली नव्हती. ते काम संगणकाच्या नव्या सरांकडे गेलं. त्यांना लिहायची गरजच नसते, ते मोबाइलला विषय सांगतात आणि मोबाइल साखर घालून देतो. आमच्या मुख्याध्यापकांना आयुष्यभर जी गोडी जमली नाही ती त्या यंत्राला सहज जमते, हे पाहून मला थोडा आसुरी आनंदही झाला.

जूनमध्ये ती मुलगी पुन्हा नववीत आली. एक वर्षाने लहान पोरांमध्ये उंच दिसायची. पहिल्या आठवड्यात मान खाली घालून बसली, दुसऱ्या आठवड्यात फळा पुसायला लागली. मी सांगितल्याप्रमाणे तिचा तास वेगळा घेते. गणित मला स्वतःलाच फारसं येत नाही, त्यामुळे आम्ही दोघी मिळून पुस्तकाशी भांडतो. ती पुढच्या वर्षी दहावी पास होईल की नाही मला माहीत नाही. ती शाळेत आहे, एवढं माहीत आहे.

दिवाळीच्या आधी पहिलं सत्र संपलं. पालकसभा भरली. आई सोयाबीनच्या कापणीतून थेट आली होती, साडीला कुसळं चिकटलेली. पहिल्या रांगेत बसली. या वेळचं पत्रक रंगीत होतं, गुळगुळीत कागदाचं. सभा संपल्यावर ती ते घेऊन माझ्याकडे आली, मुलगी तिच्या मागे. "चष्म्याविना दिसत नाही बारीक, मॅडम. वाचून दाखवा जरासं."

मी वाचायला लागले. वृक्षारोपण, कबड्डी, ज्वालामुखी. 'गळती शून्य, आमचा संकल्प.' आणि आतल्या पानावर चौकटीत, 'एका सुजाण मातेची प्रेरणादायी कहाणी.' बाजूला इंटरनेटवरून उचललेला फोटो, इस्त्रीची साडी नेसलेली, गोरीपान, पांढरेशुभ्र दात असलेली कोणी बाई एका मुलीला जवळ घेऊन हसत होती. मी थांबले. मला पुढे वाचायची इच्छाच होईना, पण ती वाट पाहत होती. मी वाचलं. वाचता वाचता सोपं करून सांगत गेले. एका मोलमजुरी करणाऱ्या मातेची मुलगी अभ्यासात मागे पडली. आई खचून गेली होती, तिचं शिक्षण थांबवायला निघाली होती. तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला आपल्या केबिनमध्ये सन्मानाने बसवलं, शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं, धीर दिला. त्यांच्या प्रेमळ मार्गदर्शनाने आज ती मुलगी शाळेत आनंदाने शिकते आहे. पालकहो, आपणही असेच खंबीर व्हा.

खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिली, पण जिला हाकललं तिच्याच नावावर उपकार मांडणारी माणसं मला दुसरी माहीत नाहीत.

ती मात्र मन लावून ऐकत होती. तिने पत्रक माझ्या हातून घेतलं, जरा लांब धरलं आणि त्या फोटोतल्या बाईकडे पाहिलं.

"चांगली बाई हाय," ती म्हणाली. "कोन्या गावची?"

मुलगीच म्हणाली, "आई, तू व्हय ते."

"मी?" तिने पुन्हा फोटो पाहिला, मग मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले तं त्यानं दाराबाहेर काढलं होतं," ती म्हणाली. "ते नाही लिवलं काय?"